इटलीत हॉटेलात जेवताना: कोकणातल्या मंडळींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतची माणसं इटलीला तीन वाटांनी पोचतात: टूरबरोबर, तिकडे शिकणाऱ्या मुलांकडे किंवा बोटीवरच्या नोकरीमुळे. शंका मात्र सगळ्यांच्या त्याच असतात. मासळी कशी मागवायची, शाकाहारी माणसाने काय खायचं आणि बिल एवढं का आलं? इथल्या किमती मध्यम हॉटेलांच्या, अंदाजाने दिल्या आहेत. व्हेनिसचा मोठा चौक किंवा काप्री बेटावर त्या सहज दीडपट-दुप्पट होतात.

दारावर कुठे त्रात्तोरिया, कुठे ओस्तेरिया, कुठे रिस्तोरान्ते लिहिलेलं असतं. शिरायचं कुठे?

रिस्तोरान्ते म्हणजे जरा थाटाचं, त्रात्तोरिया म्हणजे घरगुती धाटणीचं आणि ओस्तेरिया म्हणजे मुळात दारूचं दुकान, जिथे पुढे जेवणही मिळू लागलं. आज या पाट्यांवरून भावाचा अंदाज बांधू नका, महागड्या ओस्तेरियाही भरपूर आहेत. पिझ्झेरियात पिझ्झा, आणि 'बार' म्हणजे आपला दारूचा बार नव्हे. तिथे सकाळी कॉफी आणि क्रॉसाँ, दुपारी सँडविच मिळतं, लहान मुलांना घेऊन बिनधास्त जा. 'तावोला काल्दा' लिहिलेलं असेल तर काचेआड तयार पदार्थ मांडलेले असतात, बोट दाखवून घ्यायचे. भाषेची अडचण असलेल्यांना हे सगळ्यात सोपं.

कायद्याप्रमाणे किमतींसह मेनू बाहेर लावलेला असतो. उभ्या उभ्या वाचा, मग आत जा. सात भाषांतला, पदार्थांचे फिकट झालेले फोटो छापलेला मेनू आणि दारात उभा राहून हाका मारणारा माणूस दिसला, की दोन गल्ल्या पुढे चालत राहा.

दुपारी तीन वाजता जेवण मिळेल का?

बहुतेक ठिकाणी नाही. स्वयंपाकघर दुपारी साधारण १२.३० ते २.३० आणि संध्याकाळी ७.३० ते १०.३० चालतं, मधल्या वेळात चूल बंद. दक्षिणेकडे, नेपल्स-सिसिलीत, रात्रीचं जेवण आणखी उशिरा. दिवसभर उघडी असणारी हॉटेलं पर्यटकांच्या रस्त्यावरच असतात आणि त्यांत चांगली थोडी. मधे भूक लागली तर बार किंवा वजनावर पिझ्झा विकणारं दुकान गाठा.

आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते, पुष्कळदा सोमवारी. १५ ऑगस्टच्या आसपास शहरांतली घरगुती हॉटेलं आठवडा-दोन आठवडे बंद असतात. तेव्हा समुद्रकाठी मात्र गर्दी.

टेबल आधी सांगून ठेवावं लागतं का?

शुक्रवार-शनिवारची रात्र आणि रविवारची दुपार असेल तर होय. सहाजणांहून मोठा गोतावळा असेल तर केव्हाही. आत शिरून मोकळं दिसेल त्या टेबलावर बसू नका. दाराशी थांबा, बोटांनी माणसं दाखवा, "सियामो इन क्वात्रो" म्हणा, म्हणजे "आम्ही चौघं आहोत". बसल्यावर वेटर तुम्हाला उठवणार नाही, ते टेबल रात्रभर तुमचंच. रात्री दोन पंगती करण्याची पद्धत आता मोठ्या शहरांत आली आहे. तसं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगतात.

मेनूचे पाच भाग असतात. सगळ्यांतलं एकेक घ्यावंच लागतं का?

अजिबात नाही. आन्तिपास्तो म्हणजे सुरुवातीचं, प्रीमो म्हणजे पास्ता, रिसोत्तो किंवा सूप, सेकोन्दो म्हणजे मांस-मासळी, कोन्तोर्नो म्हणजे भाजी-सॅलड आणि दोल्चे म्हणजे गोड. सेकोन्दोबरोबर काहीही येत नाही हे ध्यानात ठेवा. भाजलेला मासा मागवला तर ताटलीत मासा आणि लिंबाची फोड, बटाटे हवे तर वेगळे सांगायचे. साधारण पोटाला एक आन्तिपास्तो दोघांत आणि प्रत्येकी एक प्रीमो किंवा सेकोन्दो पुरतं. पास्त्याची वाढणी कोरडी असताना ८० ते १०० ग्रॅम असते, दिसते त्याहून पोटभरीची.

दोघांत एक ताटली वाटून घ्यायची असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, रिकामी ताटली देतात. चौघांत मिळून दोनच पदार्थ मागवले तर मात्र तोंडं वाकडी होतात आणि त्यात त्यांची चूक नाही.

माशाची किंमत ६ युरो लिहिली होती आणि बिल ४२ युरोचं आलं. फसवलं का?

बहुधा नाही. सगळ्यात जास्त भांडणं होतात ती याच ओळीवरून. अख्खा मासा, शेवंड, मोठी कोळंबी यांचे भाव मेनूवर 'एत्तो'ने लिहिलेले असतात, म्हणजे १०० ग्रॅमला. कधी त्याजागी नुसतं 'एचजी' छापतात. ६ युरो एत्तो भावाचा ७०० ग्रॅमचा मासा ४२ युरोचा होतो, हिशेब सरळ आहे. वजन अख्ख्या कच्च्या माशाचं धरतात, डोकं, काटा, पोटासकट. ताटात आलेल्या मांसावरून वजनाचा अंदाज करू नका.

कोकणातल्या माणसाला मासा तोलून घ्यायचं शिकवायला नको, बाजारात करतो तेच इथे करायचं. वेटर ट्रे घेऊन मासे दाखवायला येतो किंवा बर्फावर मांडलेले असतात तिथे तुम्हीच जा. डोळा वर आलेला आणि चकचकीत आहे का, गलफडं लाल आहेत का, पाहा. पाहायला कोणी हरकत घेत नाही, उलट मान मिळतो. मग एक मासा बोटाने दाखवा आणि "क्वांतो पेझा?" म्हणजे वजन किती, विचारा. त्यापुढे "क्वांतो विएने?" म्हणजे किती होतील. आकडा कागदावर लिहून घ्या. मासा चुलीवर गेल्यावर या चौकशीला अर्थ उरत नाही.

एकाला ३५० ते ४५० ग्रॅमचा, दोघांना ८०० ग्रॅम ते किलोचा अख्खा मासा पुरे. 'पेस्कातो' म्हणजे समुद्रात पकडलेला आणि 'आल्लेवातो' म्हणजे पाळलेला. पहिल्याचा भाव बराच चढा असतो. मेनूवर किमतीऐवजी 'एस. क्यू.' अशी अक्षरं असतील तर तीही वजनावरची विक्री. तिथे भाव विचारल्याशिवाय होकार देऊच नका. आणि "आज फार सुंदर शेवंड आली आहे" असं वेटर आपणहून सांगायला लागला तर भाव आधी, कौतुक मग.

मासा शिजून आला की वेटर विचारतो, काटे काढून देऊ का? हे काम टेबलाशेजारी उभं राहून दोन चमच्यांनी इतकं सफाईदार करतात की बघत राहावं. त्याचे वेगळे पैसे नसतात. डोक्याचा भाग आवडत असेल तर "ला तेस्ता आंके" म्हणून मागून घ्या, नाहीतर गालाचं मऊ मांस परत आत जाईल.

काही पदार्थांपुढे तारा (*) छापलेली असते ती कसली?

मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत खुलासा असतो: ताऱ्याचे पदार्थ गोठवलेल्या मालाचे, किंवा तसे असू शकतात. 'सुर्जेलातो' किंवा 'कोंजेलातो' हे शब्द शोधा. गोठवलेला माल ताजा म्हणून विकणं तिथे गुन्हा आहे, म्हणून हॉटेलवाले खूण करतात. माकुल आणि कोळंबीपुढे तारा असणं सर्रास, त्याने घाबरू नका. पण बंदरावरच्या हॉटेलात मासळीच्या प्रत्येक ओळीपुढे तारा दिसली तर पिझ्झा खा. उन्हाळ्याच्या अखेरीस आड्रिॲटिक किनाऱ्यावर ट्रॉलरना काही आठवडे मासेमारीबंदी असते. आपल्याकडच्या पावसाळी बंदीसारखंच कारण, माशांची वीण. त्या काळात ताजा माल कमी.

आपली मासळी तिथे कोणत्या नावाने शोधायची?

तिसऱ्या म्हणजे वोंगोले. यांचं स्पगेत्ती नेपल्सकडे उत्तम: लसूण, ऑलिव्ह तेल, पार्स्ली, थोडी पांढरी वाईन आणि शिंपल्यांचंच पाणी. 'वेराची' लिहिलेलं असेल तर मोठ्या, चांगल्या जातीच्या. शिनाणे म्हणजे कोत्से. 'इंपेपाता दी कोत्से' मागवा, नुसती काळी मिरी आणि लिंबू, रस्सा ब्रेडने टिपायचा. शिजूनही मिटलेला राहिलेला शिंपला बाजूला टाका, हे घरी करता तसंच.

माकुल म्हणजे कालामारी. तारली म्हणजे सार्दे. सार्द्यांचे दोन प्रकार चुकवू नयेत: व्हेनिसचे 'सार्दे इन साओर', तळून कांदा, व्हिनेगर, मनुका, चिलगोज्यांत मुरवलेले, आणि पालेर्मोचा रानबडीशेप घातलेला सार्द्यांचा पास्ता. बांगड्याच्या कुळातला त्यांचा मासा म्हणजे स्गोम्ब्रो, स्वस्त असतो आणि चांगल्या हॉटेलांच्या मेनूवर क्वचित सापडतो. मांदेलीच्या जातकुळीतला छोटा मासा म्हणजे आलीची. तळलेले असतील तर डोळे झाकून घ्या. तोच खारवला की अच्चूगे होतो आणि कुठेही लपून बसतो, त्याबद्दल शाकाहाराच्या प्रश्नात. कोळंबी गाम्बेरी, चिंबोरी ग्रांक्यो, शेवंड आरागोस्ता. कालवं म्हणजे ओस्त्रिके, ती नगावर विकतात आणि कच्चीच देतात.

सुरमई-पापलेट विसरा. त्यांच्या जागी ब्रान्झीनो आणि ओराता हे दोन पांढऱ्या, मऊ मांसाचे मासे. रोमच्या दक्षिणेला ब्रान्झीनोलाच स्पीगोला म्हणतात. 'आल साले' म्हणजे मिठाच्या कवचात भाजलेला. खारट होत नाही, रसाळ राहतो. पहिल्यांदा मागवायचा तर हाच मागवा.

'फ्रित्तुरा दी पारान्झा' म्हणजे बारीक मिश्र मासळी नुसत्या पिठात घोळवून तळलेली. हळद नाही, तिखट नाही, मिठावर आणि ताजेपणावर चव. बारकी मासळी डोक्यासकट खायची. दहा मिनिटं पडून राहिली की मऊ पडते, म्हणून फोटो काढत बसू नका.

कालवणासारखं काही मिळेल? आणि भात?

कालवणाच्या सगळ्यात जवळचं दोन ठिकाणी. लिव्होर्नोचं काच्चूक्को: टोमॅटो, तांबडी वाईन, मिरची, ऑक्टोपस, कटलफिश आणि चार-पाच प्रकारची मासळी, खाली लसूण चोळलेला भाजका ब्रेड. दुसरं आड्रिॲटिक किनाऱ्यावरचं ब्रोदेत्तो. सान बेनेदेत्तो गावात ते हिरवे टोमॅटो, ढोबळी मिरची आणि व्हिनेगर घालून आंबट करतात. कोकमाची सवय असलेल्या जिभेला ते लगेच पटतं. दोन्ही पुष्कळदा किमान दोन माणसांसाठीच करतात आणि वेळ लागतो.

भात म्हणून रिसोत्तो मिळेल, पण तो मोकळा नसतो, पांढराही नसतो. तांदूळ लोण्यावर परतून, वाईन घालून, पळीपळीने गरम रस्सा ओतत १८-२० मिनिटं शिजवतात, दाणा आतून किंचित कडक ठेवतात. पाच मिनिटांत आला तर आधीच अर्धा शिजवून ठेवलेला होता. रिसोत्तोवर दुसरं काही कालवून घ्यायचं नसतं. नुसता भात हवाच असेल तर "रीझो इन ब्यांको" म्हणा, तो आजाऱ्याचं पथ्य समजला जातो. वेटर तब्येत विचारेल.

कच्ची मासळी खावी का?

युरोपीय नियमानुसार कच्ची वाढायची मासळी आधी उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवावी लागते, अनिसाकिस नावाचे कृमी मरावेत म्हणून. लिंबात मुरवलेल्या आलीचीलाही हेच लागू, कारण लिंबाने ते कृमी मरत नाहीत. शिंपल्यांना हा नियम नाही. प्रवासात असाल तर कच्चे शिनाणे खाऊ नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

माशाच्या पास्त्यावर चीज मागितलं तर वेटर नाही म्हणाला.

त्यांच्या मते चीज मासळीची चव मारतं. पुन्हा मागितलंत तर बहुतेकदा आणून देतात. आधी न घालता चार घास खाऊन बघा.

आम्ही शुद्ध शाकाहारी. काय मागवायचं आणि कुठे सावध राहायचं?

पदार्थ भरपूर आहेत, अडचण लपलेल्या गोष्टींची आहे. "सोनो वेजेतारियानो" (बाईमाणसाने "वेजेतारियाना") एवढंच म्हणून थांबू नका. मांस म्हणजे मटण-बीफचा तुकडा असा काही वेटरांचा समज असतो, त्यामुळे हॅमचे कण किंवा टुना मासा त्यांच्या हिशेबात सुटतो. पूर्ण वाक्य पाठ करा: "नॉन मांजो कार्ने, ने पेशे, ने प्रोशुत्तो, ने ब्रोदो दी कार्ने." म्हणजे मांस, मासे, हॅम, मांसाचा रस्सा, काही खात नाही.

आता लपण्याच्या जागा. रिसोत्तो आणि सूप यांत मांसाचा रस्सा असू शकतो. मिनेस्त्रोने ऐकायला भाजीचं, पण त्यात पान्चेत्ता म्हणजे डुकराची चरबीदार पट्टी टाकतात, राजम्याच्या पास्ता-फाजोलीतही तेच. पुत्तानेस्का या टोमॅटोच्या पास्त्यात अच्चूगे. पुल्या प्रांतातल्या पाल्याच्या ओरेक्येत्ते पास्त्यात अच्चूगे. रोमच्या भोपळफुलांच्या भज्यांत चीजबरोबर अच्चूगे. ऑर्डर देताना "सेंत्सा अच्चूगे" म्हणजे अच्चूगेशिवाय, म्हटलंत तरी आधी भरून ठेवलेल्या फुलातून मासा काढता येत नाही. तो पदार्थ सोडा. रोमान्याची प्यादीना रोटी परंपरेने डुकराच्या चरबीत मळतात. "चे स्त्रुत्तो?" म्हणजे चरबी आहे का, विचारलं की खरं सांगतात, तेलातलीही मिळते. नेपल्सच्या मिरीच्या ताराल्ल्यांत (खारी, कडक कडी) आणि स्फोल्यातेल्लांत (पापुद्र्यांची गोड पेस्ट्री) तीच चरबी, सिसिलीच्या कान्नोलीच्या कवचातही. पान्ना कोत्ता या मलईच्या गोड पदार्थात जिलेटिन.

चीजचं खरं काय ते सांगायला हवं: पार्मिजानो रेज्जानो, ग्राना पादानो आणि पेकोरिनो रोमानो यांत दूध विरजायला वासराच्या किंवा कोकराच्या जठरातलं रेनेट वापरतात. पेस्तो या तुळशीच्या चटणीतही हेच चीज पडतं. चालत असेल तर प्रश्नच नाही. चालत नसेल तर "सेंत्सा फोर्माज्जो" हे दोन शब्द प्रत्येक वेळी, नाहीतर वेटर आपणहून वरून किसून जातो.

बिनघोर पदार्थ हवेत तर: टोमॅटो-तुळशीचं स्पगेत्ती, लसूण-तेल-मिरचीचं 'आल्यो ओल्यो ए पेपेरोन्चीनो', पेन्ने आराब्याता, सिसिलीचा वांग्याचा पास्ता 'आल्ला नोर्मा' (वरचं चीज चालत असेल तर), भाजलेल्या भाज्या, आंबट-गोड वांग्याची कापोनाता. लिगुरियात फारिनाता: चण्याचं पीठ, पाणी, तेल, मीठ, तांब्याच्या मोठ्या परातीत लाकडाच्या भट्टीत भाजलेलं, बेसनाच्या जाड धिरड्यासारखं. पालेर्मोत पानेल्ले, ते चण्याच्याच पिठाचे तळलेले काप. तळणीची कढई मासळीची एकच असते का, एवढं विचारून घ्या.

अंडं चालत नाही.

सुका पास्ता (स्पगेत्ती, पेन्ने) डुरम गव्हाचा रवा आणि पाणी एवढाच. ताजा पास्ता (ताल्यातेल्ले, राव्योली, लाझान्या) बहुतेक अंड्याचा. तिरामिसूत कच्चं अंडं. जेलातोत पिस्ता-चॉकलेटमध्येही अंडं असू शकतं, लिंबू किंवा स्ट्रॉबेरीचं सोर्बेत्तो घ्या.

कांदा-लसूण नको, किंवा चतुर्थीचा उपास आहे. जमेल?

कांदा-लसणाशिवाय: काच्यो ए पेपे (पेकोरिनो आणि काळी मिरी, बस्स), लोणी-सेजचा पास्ता, मार्गारीता पिझ्झा. टोमॅटोचा सॉस सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवतात, त्यातून लसूण वेगळी होत नाही. "सेंत्सा आल्यो, सेंत्सा चिपोल्ला" असं विचारा, आणि मान हलवत "जा प्रोन्तो" म्हणाले, म्हणजे आधीच तयार आहे, तर दुसरं काही निवडा.

उपासाला हॉटेलात फार आशा नाही. उकडलेले बटाटे, ताजी फळं ('माचेदोनिया', साखर आणि कधी लिकर घालतात, विचारा), कॅफेतलं ताजं संत्र्याचं रस. बाकी पिशवीतले दाणे, खजूर आणि राजगिऱ्याची वडी. श्रावणात जाणाऱ्यांनी हे बरोबरच न्यावं.

आम्ही हलाल पाळतो. मासे खाल्ले की झालं ना?

मासे खाऊनही वाईन पोटात जाऊ शकते. तिसऱ्या, रिसोत्तो, मासळीचा रस्सा यांत ती सवयीने पडते आणि शिजवल्यावर पूर्ण उडून जात नाही. "सेंत्सा विनो" आधी सांगा. वोंगोले ऐनवेळी परतले जातात, त्यामुळे वाईनशिवाय करून देणं सहज जमतं. काच्चूक्कोसारखं आधी शिजलेलं असेल तर सोडा. गोडात बाबा म्हणजे रममध्ये बुडवलेला केक, तिरामिसूत मार्साला वाईन किंवा रम असू शकते, 'मालागा' जेलातोत रम-मनुका. डुकराची यादी: प्रोशुत्तो, पान्चेत्ता, ग्वान्चाले, स्पेक, साल्सिच्चा, मोर्तादेल्ला, आणि वर सांगितलेलं स्त्रुत्तो. मोठ्या शहरांत रेल्वे स्थानकाच्या आसपास हलाल कबाबची दुकानं सापडतात.

बीफ खायचं नाही.

मांद्झो म्हणजे बैल-गाय, वितेल्लो म्हणजे वासरू, ब्रेझाओला आणि कार्पाच्चो हेही बीफ (कार्पाच्चो माशाचंही असतं, तसं लिहितात). रागू सॉसात बीफ आणि डुक्कर दोन्ही. कोंबडी म्हणजे पोल्लो, हॉटेलांत फारशी नसते, तावोला काल्दात भाजलेली मिळते.

पिझ्झ्याबद्दल काय माहीत असावं?

माणशी एक, अख्खा येतो, न कापता. सुरी-काट्याने त्रिकोण कापा, मग घडी घालून हाताने खाल्लात तरी चालतं. मार्गारीता ६ ते १० युरो. नेपल्सचा पिझ्झा ४०० अंशांहून तापलेल्या भट्टीत ६० ते ९० सेकंदांत होतो, म्हणून कडेला काळे डाग येतात आणि मधला भाग ओलसर राहतो. परत पाठवू नका, तो कच्चा नाही. पिझ्झा बनवण्याच्या या कलेला युनेस्कोने २०१७ मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. कुरकुरीत आवडत असेल तर रोमचा पातळ पिझ्झा तुमच्यासाठी.

पिझ्झा मारिनारात मासळी नसते, चीजही नसतं, नुसता टोमॅटो, लसूण, ओरेगानो. स्पगेत्ती आल्ला मारिनारात मात्र मासळी असू शकते. 'पेपेरोनी' मागवलंत तर ढोबळी मिरची येईल. तिखट सलामीचा तो 'द्यावोला', डुकराचा. 'नापोली' नावाच्या पिझ्झ्यावर अच्चूगे.

पास्ता कच्चा वाटतो.

तसाच असतो, मध्ये किंचित दात लागेल असा. वयस्कर माणसांसाठी "बेन कोत्ता" सांगा, दोन मिनिटं जास्त शिजवतील.

तिखट काही मिळेल का?

कालाब्रिया सोडलं तर फार आशा ठेवू नका. "ओल्यो पिक्कान्ते" मागा, मिरचीचं तेल आणून देतात, फुकट. मालवणी मसाल्याची पुडी बाहेर काढून अख्ख्या माशावर भुरभुरवायला कायद्याची बंदी नाही, पण आचारी बघत असेल तर जरा दमानं.

पाणी फुकट का देत नाहीत?

बाटलीच मागवायची रीत आहे, लिटरला २ ते ४ युरो. 'नातुराले' साधं, 'फ्रित्सान्ते' बुडबुड्यांचं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, पण हॉटेलाने ते द्यावंच असं बंधन नाही. रोममध्ये रस्तोरस्ती नळकोंडाळी आहेत, तिथे बाटली भरा आणि ती हॉटेलात टेबलावर ठेवू नका.

बिलात 'कोपेर्तो' कसले? टिप किती द्यायची?

कोपेर्तो म्हणजे टेबल, ब्रेड, चमचे-काटे यांचे माणशी १ ते ३ युरो. मेनूवर छापलेलं असलं पाहिजे, छापलेलं नसेल तर देऊ नका. रोम ज्या लाझिओ प्रांतात आहे तिथे २००६ च्या प्रादेशिक कायद्याने कोपेर्तो घ्यायला मनाई आहे, म्हणून बिलात 'पाने' म्हणजे ब्रेड दिसतो. ब्रेड नको असेल तर टोपली येताच परत करा. 'सेर्वित्स्यो' १०-१२ टक्के लिहिलं असेल तर टिपेचा विषयच संपला. नसेल तरी टिप सक्तीची नाही. खूश असाल तर वरचे दोन-चार युरो ठेवा. किमतींत कर धरलेलाच असतो.

बिल येतच नाही. आणि कार्ड चालतं का?

मागितल्याशिवाय आणणं ते उद्धटपणाचं समजतात. "इल कोंतो, पेर फावोरे." प्रत्येकाचं वेगळं बिल मागू नका. एकाने भरा, बाहेर हिशेब करा. आकडे वाचताना तीन ओळी तपासा: माशाचं वजन, पाण्याच्या बाटल्यांची संख्या, कोपेर्तोची माणसं.

कार्ड नाकारल्यास दुकानदाराला जून २०२२ पासून दंड आहे. आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंदच असतात, बँकेच्या ॲपमध्ये निघण्यापूर्वी सुरू करा. मशीनने रुपये की युरो विचारलं तर युरो. रुपये निवडलेत की दर मशीनवाल्याचा आणि तोटा तुमचा.

लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर आहेत.

मुलांना "मेद्झा पोर्त्स्योने" म्हणजे अर्धी वाढणी, किंवा "पास्ता आल बुर्रो", नुसतं लोणी लावलेला. मेनूवर नसला तरी करून देतात. उंच खुर्ची "सेज्जोलोने". रात्री बाळं आणल्याबद्दल कोणी कपाळाला आठ्या घालत नाही.

चहा?

गरम पाणी, टी-बॅग आणि लिंबाची फोड. दूध हवं तर "कोन लात्ते" म्हणा, ते थंड येईल. 'कफ्फे' म्हणजे चमचाभर कडक एस्प्रेसो. बारमध्ये उभ्याने सव्वा-दीड युरोला मिळतो, तोच बसून घेतला तर जास्त. नुसतं 'लात्ते' मागितलंत तर दुधाचा ग्लास येईल. कापुच्चीनो ते सकाळीच पितात, तुम्ही जेवणावर मागवलात तर हसतील, देतील.

बोटीवर आहे, बंदरात चारच तास सुट्टी मिळते. कुठे जेवायचं?

आधी घड्याळ बघा. दुपारी तीन ते सात या वेळात उतरलात तर बसून जेवण विसरा. जेनोव्हात जुन्या बंदरासमोर सोत्तोरिपाच्या कमानींखाली तळलेली मासळी पुडक्यात मिळते, आसपास फोकाच्च्या (तेल लावून भाजलेल्या जाड रोट्या) आणि फारिनाता. सगळं पायी. नेपल्सच्या बंदरातूनही जुनं शहर चालत गाठता येतं. तळलेला पिझ्झा हातात घेऊन खा. चिवितावेक्क्यातून रोम गाडीने साधारण तासाचं, म्हणजे जाऊन-येऊन दोन तास गेले. चार तासांत हा उद्योग करू नका, तिथेच बंदराजवळ खा. वजनावरचा पिझ्झा घेताना हाताने तुकड्याची रुंदी दाखवा. भाव इथेही एत्तोचा किंवा किलोचा, २०० ग्रॅममध्ये भूक भागते.

एखाद्या पदार्थाची ॲलर्जी आहे. कसं सांगायचं?

युरोपीय नियम ११६९/२०११ प्रमाणे १४ घटकांची माहिती देणं हॉटेलाला बंधनकारक आहे: कवचधारी मासळी, शिंपले-माकुल, मासे, अंडी, दूध, शेंगदाणे, काजू-बदामवर्ग, तीळ, मोहरी, सोया, सेलरी, ग्लुटेन, ल्युपिन (एक कडधान्य), सल्फाइट. मेनूत पदार्थापुढे १ ते १४ आकडे असतात किंवा वेगळी वही मागावी लागते: "ला लिस्ता देल्यी आल्लेर्जेनी". आकड्यांचा क्रम प्रत्येक हॉटेलात वेगळा असू शकतो, तळाची यादी दर वेळी वाचा. कोळंबीची ॲलर्जी असलेल्याने फ्रित्तुरा टाळावी, तेल एकच असतं. आणि "मला आवडत नाही" म्हणू नका. "सोनो आल्लेर्जिको" (बाईमाणसाने "आल्लेर्जिका") म्हटलं की वेटर थेट आचाऱ्याला विचारून येतो.